भेगेचं डावं टोक

मेस्त्री कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी तिथल्या वस्तू वाजवून बघत. मधल्या बोटाचं पेर वाकवून कुडमावर म्हणजे पितळी घागरीवर, जात्याच्या वरच्या तळीवर, झोपाळ्याच्या कडीवर टकटक करायचे आणि मान कलती करून उजवा कान पुढे न्यायचे. डावा कान त्यांना अर्धाच होता. आवाज पसंत पडला तर काही बोलत नसत. नाही पडला तर ती वस्तू स्वतःच्या हाताने उचलून लांब ठेवत आणि मगच बसत. माझी आई त्यांना बोळात बघितलं की मला हळूच म्हणे, "मेस्त्री येतायत रे, अस्की भांडी आंत ने."

तंजावरच्या राजवाड्यामागच्या बोळात त्यांची पत्र्याची शेड होती. शेडला पाटी नव्हती. चिरलेले इंजिनाचे ब्लॉक आणि आटे गेलेली बोल्टची भोकं, एवढंच काम ते घेत. बसचं, तांदळाच्या गिरणीचं, शेताला पाणी उपसायचं, कुठलंही इंजिन असो. वेल्डिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. बिडाला एका जागी आंच दाखवली की ते दुसऱ्या जागी चिरतं, असं ते म्हणत. त्यांची रीत वेगळी होती. भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग सबंध भेगेवर एकाला लागून एक भोकं पाडून, आटे पाडून, त्यात तांब्याचे खिळे पिळून बसवायचे. प्रत्येक नवा खिळा आधीच्या खिळ्याचा थोडा भाग खाऊन बसला पाहिजे. शेवटी सगळे ठोकून, कानशीने सपाट. हे मी पुढे स्वतः बघितलं, म्हणून खात्रीने लिहितो.

अवघड काम भेग बुजवायचं नाही, तिचं टोक शोधायचं. त्यासाठी ते ब्लॉकवर रॉकेल फासत, तासाभराने कोरडं पुसून घेत आणि वरून कोलमची, म्हणजे रांगोळीची, पांढरी पूड भुरभुरत. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येई आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटे. पूड त्यांच्या विधवा बहिणीच्या डबीतली. ती भल्या सकाळी उंबऱ्याशी वाकली की डबी रिकामी निघायची.

"दाराशी कोलम नाहीं, इंजिनाला कोलम!" असं ती बोळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडे. "लक्ष्मी यायची ती तिकडेच जाईल, त्या तेलकट भुताकडे!"

मेस्त्री आतून म्हणत, "येऊं दे. तिलाही वाजवून बघेन."

रेघ जिथे संपलेली दिसे तिथे ते कधी भोक पाडत नसत. अंगठ्याची रुंदी पुढे मोजत आणि तिथे पाडत. मी एकदा विचारलं की अंगठाच का, अर्धा इंच का नाही. ते म्हणाले, "अर्धा इंच तुझा आणि माझा एकच. अंगठा माझा आहे. चुकला तर मी चुकलों."

त्यांच्याबद्दलच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण त्यांचं खरं ठरल्याच्याच सांगतात. मी एक उलटी सांगतो. आमच्या बोळातल्या एका लग्नात त्यांनी पायसाचा मोठा अंडा, म्हणजे हंडा, वाजवला आणि तो चिरला आहे, विस्तवावर चढवू नका, असं सांगितलं. आचारी हसले. मेस्त्री कमरेची वेष्टी सावरून चुलीसमोर मांडी घालून बसले, उठेनात. दुसरं भांडं मागवेपर्यंत पंगत एक तास दहा मिनिटं उशिरा बसली. दुसऱ्या दिवशी तांबटाने तो अंडा तपासला. काहीही झालेलं नव्हतं. वधूपिता तणतणत शेडवर आला तेव्हा मेस्त्री म्हणाले, "बरें झालें. मग कोणी भाजलें नाहीं ना?"

त्यांच्या हत्यारांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला एक जुना स्टड असे. स्टड म्हणजे इंजिनाचं हेड जखडून ठेवणारा, दोन्ही बाजूंना आटे असलेला दांडा. काम सुरू करण्याआधी ते तो बाहेर काढून समोर ठेवत, आपण देवाचा टाक ठेवावा तसा. तोच त्यांचा कान घेऊन गेलेला. कालव्यापलीकडच्या एका गावात, भोकाचे आटे जरा झिजलेले होते, त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "चालेल." इंजिन सुरू केल्यावर स्टड उपटून गोळीसारखा आला, कान नेला आणि वरच्या वाशात रुतला. "दोन इंच आंत असता," ते म्हणत, आणि वाक्य तिथेच सोडत. त्यानंतर 'चालेल' हा शब्द त्यांनी कशालाच वापरला नाही. कॉफीत साखर पुरे का विचारलं तर म्हणत, "पितों आहें."

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो सहा दिवसांचा.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या एका तांदळाच्या गिरणीत कणक्कपिळ्ळै, म्हणजे कारकून होतो. गिरणी एका आडव्या तेल-इंजिनावर चाले. इंजिनाभोवतीच्या पोकळीतून पाणी फिरे आणि ते पाणी शेजारच्या टाकीतून येई. टाकीच्या आत मी स्वतः रंगाने खूण केली होती: चौदा इंच. पाणी याच्या खाली जाता कामा नये, असा मुदलाळींचा, म्हणजे गिरणीमालकांचा, हुकूम होता आणि खूण माझी असल्यामुळे मला तिचा अभिमान होता.

हंगामाचे दिवस होते. इंजिनाचा ड्रायव्हर गोविंदन माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. गिरणीमागच्याच खोलीत बायको आणि तीन मुली घेऊन राहायचा. दुपारी जेवायला जाताना तो मला म्हणाला, "अय्या, जरा लक्ष ठेवा. पाणी कमी झालं तर हाक मारा."

वीस मिनिटांनी मी डोकावलो तर टाकीत पाणी नव्हतं. टाकीत पाणी आणणाऱ्या नळाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं होतं. इंजिनावरून वाफ येत होती. खोली पन्नास पावलांवर होती. मी हाक मारली नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की खूण उघडी पडली आहे. मी कालव्याचं गार पाणी कुडमाने आणून ओतलं, खुणेपर्यंत. सातव्या कुडमाला आतून 'ठिण्ण' असा आवाज झाला. पितळी भांडं दगडावर पडावं तसा. मग बाजूने पाण्याची धार लागली.

गोविंदन धावत आला, त्याने इंजिन बंद केलं. "काय झालं अय्या?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."

एवढं एकच वाक्य. मी आयुष्यात हिशेब चुकवलेला नाही, पण हे वाक्य मी बोललो.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. हेड काढलं तेव्हा सहांपैकी दोन भोकांचे आटे पार गेलेले निघाले. गोविंदननेही ते बघितलं. पान्ह्याला लांब नळी लावून तो वर्षानुवर्षं नट जास्त आवळायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने मुदलाळींचे पाय धरले. "मीच फोडलं. माझ्याच हातांनी फोडलं."

मुदलाळी शांत माणूस होते. म्हणाले, "मेस्त्रींचं काम संपेपर्यंत राहा. मग खोली रिकामी कर."

मला तोंड उघडायला तेव्हा पुरता वेळ होता. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. मी वही उघडली आणि भेग मोजली. पावणेदहा इंच.

मेस्त्रींनी रॉकेल फासलं, पूड टाकली. दोन तासांनी मी पुन्हा मोजली तर साडेदहा. "मेस्त्री, पाऊण इंच वाढली."

"वाढली नाहीं. होतीच. तुज दिसली नव्हती."

त्यांनी स्टड फडक्यातून काढून माझ्यासमोर ब्लॉकवर ठेवला. नंतर भेगेवर बोट फिरवत, माझ्याकडे न बघता, आपल्या मराठीत म्हणाले, "काय रे कणक्का, त्या दिवशीं टाकींत पाणी किती होतें?"

"चौदा इंच."

"बरोबर चौदा?"

"बरोबर चौदा."

ते म्हणाले, "इंजिन तव्यासारखें तापलेलें. नळांत शेवाळ. आणि पाणी बरोबर चौदा." आणि छातीला ड्रिल लावून ते कामाला लागले.

त्यांना कळलं होतं. ते मला कळलं होतं. पुढचे पाच दिवस मी त्या खोलीत जायला घाबरायचो आणि गेल्याशिवाय राहायचो नाही. ते मुदलाळींना सांगतील, म्हणून भीती. सांगत नाहीत, म्हणून त्याहून जास्त. मुदलाळींनी एकदा त्यांना सरळ विचारलं, "ही भेगही गोविंदननेच पाडली ना?" मेस्त्री म्हणाले, "मी भेग शिवणारा माणूस. साक्ष द्यायचं काम वेगळ्याचं." गिरणीमागे गोविंदनची बायको भांडी बांधत होती. तिच्या धाकटीने येऊन मला विचारलं, "अय्या, नवीन गावात कालवा असतो का?" मी म्हणालो, असतो.

खिळे एकेचाळीस लागले. खराब भोकं मोठी करून, त्यांत आतून-बाहेरून आटे असलेले बुश बसवले. सहाव्या दिवशी सकाळी हेड चढलं.

आणि आता मेस्त्रींची ती रीत, जिच्यासाठी ते जिल्हाभर ठाऊक होते. शिवलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना, ज्याच्या हातून ते फुटलं त्याने भेगेवर तळवा ठेवून दहा मिनिटं उभं राहायचं. पाझर डोळ्याला दिसायच्या आधी तळव्याला लागतो, आणि ज्याने फोडलं त्याच्याच तळव्याला भय असतं, असं त्यांचं म्हणणं. लोक हसत, पण करत.

मुदलाळी आले. कापूर लावला. मेस्त्री तमिळमध्ये म्हणाले, "ज्याच्या हातून फुटलं त्याने पुढे यावं."

गोविंदन पुढे आला. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आला होता. त्याने तळवा ठेवला. मेस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "घड्याळ तुझ्याकडे आहे. दहा मिनिटं."

इंजिन सुरू झालं. त्या खोलीत इंजिन चालू असलं की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे. मी घड्याळाकडे बघत होतो, पण मला दिसत होता तो गोविंदनचा गाल आणि नव्या बुशातला स्टड. दोघांमधलं अंतर आठ इंच. एक मिनिट. दोन. मला वाशात रुतलेला तो जुना स्टड आठवत होता. तिसऱ्या मिनिटाला गोविंदनने डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. तो माझ्या जागी उभा होता.

चौथ्या मिनिटाला मी पुढे गेलो आणि माझा तळवा त्याच्या हाताशेजारी ठेवला. आणि ओरडलो, "पाणी मी ओतलं!"

कोणालाही ऐकू गेलं नाही. मुदलाळी कपाळाला आठ्या घालून बघत होते. गोविंदनचे डोळे मिटलेलेच. खरं सांगायचं तर मला तेव्हा हलकं वाटलं. बोललोही होतो आणि कोणी ऐकलंही नव्हतं.

मेस्त्रींनी हात लांब करून तेल बंद केलं. इंजिनाचे ठोके विरळ होत गेले. चाक थांबायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. खोलीत चिडीचूप झालं.

"इप्पो सोल्लु," मेस्त्री म्हणाले. आता सांग.

मी सांगितलं. शेवाळ, खूण, सात कुडम, सगळं. माझा आवाज माझा वाटत नव्हता. मुदलाळी ऐकून गोविंदनकडे वळले. "मग तू कशाला कबूल केलंस रे, मुंडम?"

गोविंदन गोंधळून म्हणाला, "पण नट मी खरंच जास्त आवळायचो, मुदलाळी."

मुदलाळींनी हात जोडले, ते आम्हाला की कापराला, समजलं नाही. गोविंदनची खोली राहिली. माझ्याकडून गोदामाची किल्ली त्यांनी त्याच क्षणी मागून घेतली आणि ती मला दोन वर्षांनी परत मिळाली. तक्रार नाही.

"सरि," मेस्त्री म्हणाले. "गोविंदन, हात काढ. कणक्का, तूं ठेव. पहिल्यापासून दहा मिनिटं."

ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. बीड आधी कोमट झालं, मग ऊन. सातव्या मिनिटाला तळवा ओला झाला. मी हात काढला नाही, मला तो काढता आला नाही. मी फक्त मेस्त्रींकडे बघितलं. त्यांनी माझं मनगट धरून तळवा सोडवला, नाकाशी नेला आणि हुंगला.

"घाम," ते म्हणाले. "पाण्याला गंजाचा वास येतो. ठेव परत."

जाताना त्यांनी मला इंजिनाच्या डाव्या बाजूला नेलं. तिथे ब्लॉक आणि भिंत यांच्यात वीतभर जागा होती. भेग कोपऱ्याला वळून त्या फटीत गेली होती. वरून करडा रंग मारलेला होता. "उजवें टोक मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "डावें आंत गेलें आहे. तें कुठें संपतें तें मज दिसलें नाहीं. तूं बघत राहा."

"किती दिवस?"

"इंजिन आहे तोंवर."

शुक्रवारी सकाळी इंजिनाला गंध-कुंकू लावायची गिरणीची पद्धत होती. त्याआधी मी बघायला लागलो. काठीला फडकं बांधून रॉकेल, मग कोरडं फडकं, मग कोलमची पूड, आणि दाढीचा आरसा फटीत धरून तासभर वाट बघायची. पुडीवर रेघ उमटली तर इंजिन चालवायचं नाही. घरी बायको त्या दिवशी मी परत येईपर्यंत माझ्याशी बोलायची नाही; म्हणायची, "तुमचा चेहरा बघवत नाही." तीन वर्षांनी मेस्त्री तापाने गेले. त्यांच्या बहिणीने कोलमची डबी मला दिली आणि म्हणाली, "घे बाबा. माझ्या दाराशीं आतां कोणी चोर नाहीं." स्टड तिने गोविंदनला दिला. का, ते तिने सांगितलं नाही.

असं अकरा वर्षं चाललं. मग गिरणीत विजेची मोटर आली आणि इंजिन भंगारात निघालं. साखळीने ते पायावरून उचललं तेव्हा साखळी डाव्या बाजूला घासली आणि जुना करडा रंग पापुद्र्यासारखा निघून आला. खाली बिडावर तांब्याचे दोन गोल ठिपके चमकले. एकाला लागून एक, कानशीने सपाट केलेले. भेगेच्या दिसणाऱ्या टोकापासून मी अंतर मोजलं. अंगठाभर पुढे.

गोविंदन बाजूला येऊन थांबला. त्याचे केस तोवर सगळे पांढरे झाले होते.

"पाचव्या दिवशी बसवले, अय्या," तो म्हणाला. "पोटावर झोपून. आरसा मी धरला होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मेस्त्री म्हणाले, बंद केलं असं सांगितलं की उद्यापासून कोणी बघणार नाही. सांगू नकोस."

मी वही काढली. अकरा वर्षांचे पाचशे बहात्तर शुक्रवार. त्यातले चार मी आजारपणाने आणि आईच्या दिवसांमुळे चुकवले होते. त्या तारखांपुढे लाल खूण होती. "पाचशे अडुसष्ट वेळा," मी म्हणालो, आणि मला राग आला. "पाचशे अडुसष्ट वेळा मी इथे गुडघ्यावर बसलो आणि तुम्ही बघत राहिलात."

"पाचशे बहात्तर," गोविंदन म्हणाला.

मी वर बघितलं.

"ते चार शुक्रवार मी बघितलं, अय्या. बायकोच्या डबीतली पूड घेऊन."

"पण तुम्हाला तर ठाऊक होतं ना, आत खिळे आहेत म्हणून?"

गोविंदनने कमरेला खोचलेलं फडकं काढलं आणि उलगडलं. आत तो स्टड होता, तेल लावून जपलेला.

"यालाही ते 'चालेल' म्हणाले होते," तो म्हणाला.